खोलीतला दिवा तर जळतच होता : निखारे, जाळ आणि जळणं म्हणजे नेमकं काय?

तुळसकट्टा | सोमवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचत होते. आज लिहायला बसले, कारण घरात एक प्रसंग होऊन गेला आणि त्याचं उत्तर मला आईला द्यायचं आहे.

आमचं गाव जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या वाटेवर. मिरगाला लागलेला पाऊस इथं नवरात्र आलं तरी भिंतींची ओल सोडत नाही. धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. बाळ झाल्यावर नवव्या रात्री आईनं रोजच्यासारखा शेक मांडला. चुलीतले इंगळ घमेल्यात काढले, वर लोणारी कोळसा घातला, धूर पार जाईपर्यंत घमेलं पडवीत ठेवलं आणि सगळं लालबुंद झाल्यावर बाजेखाली सरकवलं. या बाबतीत आई फार काटेकोर. धुराची एक रेघ दिसली तरी घमेलं आत येऊ देत नाही. त्या रात्री वारं फार होतं म्हणून खिडकी ओढून घेतली, दाराखालच्या फटीत जुनं लुगडं खोचलं. कोपऱ्यात तेलाचा दिवा होता, बाळंतिणीच्या खोलीत असतो तसा.

पहाटे आण्णा धार काढायला उठले. एरवी त्या वेळेला बाळ रडून घर जागं करतं, त्या दिवशी आवाज नाही. त्यांनी दार ढकललं. आई उठायला गेली ती तोल जाऊन भिंतीवर आदळली. बहिणीला उलट्या, डोकं फुटतंय म्हणत होती. बाळ निपचित. सगळ्यांना ओसरीवर आणलं. गार वारा लागल्यावर काही वेळानं बाळ रडलं. त्या रडण्यासारखा गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नाही.

आधी तालुक्याच्या एका दवाखान्यात नेलं. बहिणीच्या बोटाला चिमटा लावला, ९८ आलं, 'अशक्तपणा आहे' म्हणून घरी पाठवत होते. आण्णांनी ऐकलं नाही, तशीच गाडी बेळगावला काढली. तिथल्या डॉक्टरबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "खोलीत शेगडी होती का?" मग तिघांनाही कितीतरी तास ऑक्सिजनवर ठेवलं. आता सगळे ठीक आहेत.

गावात दृष्ट, बाहेरचं वगैरे बोलणं सुरू आहे, ते मी सोडून देते. पण आईनं अंथरूण धरलंय. आपल्या हातून काहीतरी चुकलं एवढंच ती घोकते. 'विषारी वायू झाला' एवढ्यावर तिचं समाधान होत नाही. ती विचारते, "धूर न्हाई, वास न्हाई, दिवा बी जळतोय, मग इख आलं कुठनं?"

मला याचं नीट उत्तर हवं आहे. बारावीला कॉमर्स होतं, त्यामुळे मुळापासून सांगितलं तरी चालेल.

सीमाभागी_पुण्यात | सोमवार, रात्री ९.४५

बाळ सुखरूप आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. मला वाटतं निखाऱ्यांनी खोलीतला ऑक्सिजन संपवला असणार. बंद खोलीत गुदमरतं ते त्यामुळेच ना? फक्त दिवा का विझला नाही, हे मलाही कळत नाही.

आज्जीचा_बटवा | सोमवार, रात्री १०.०५

ताई, वाईट वाटलं वाचून. पण शेगडीला दोष देऊ नका एवढंच सांगते. माझी तीन बाळंतपणं आणि माझ्या आईची सात याच शेगडीवर झाली. येळ्ळूरच्या आमच्या घरात दोन-दोन महिने बाजेखालचा विस्तव विझत नसे. कुणाला कधी साधी मळमळ झाली नाही. कोळसा ओला असेल किंवा आणखी काही.

खडूफळा | सोमवार, रात्री ११.३०

तुळसकट्टा, तुमच्या आईंनी विचारलेला प्रश्न फार मोलाचा आहे. मी निपाणी भागात ३४ वर्षं विज्ञान शिकवलं, पण जळण्याबद्दल इतका नेमका प्रश्न वर्गात क्वचित आला. म्हणून सविस्तर लिहितो.

सुरुवात त्या कोपऱ्यातल्या दिव्यापासून करू. दिव्यात तेल जळतं असं आपण म्हणतो, पण द्रव तेल जळत नाही. गार तेलाच्या वाटीत पेटती काडी बुडवली तर काडीच विझते. वात तेल वर ओढून घेते, ज्योतीच्या उष्णतेनं ते तापतं, त्याची वाफ आणि वायू होतात, आणि ते वायू हवेतल्या ऑक्सिजनशी जोडले जाताना ज्योत दिसते. घरी करून बघा. मेणबत्ती चांगली पाच मिनिटं जळू द्या, मग हळूच फुंकून विझवा. वातीतून पांढरी रेघ वर जाते. त्या रेघेला वरूनच, वातीपासून दोन बोटांवर, पेटती काडी लावा. आग त्या रेघेवरून खाली धावते आणि वात पुन्हा पेटते. ती पांढरी रेघ म्हणजे न जळलेल्या मेणाची वाफ. इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर मेणबत्तीवर व्याख्यानं देत असे, त्यांत त्यानं हाच प्रयोग करून दाखवला होता.

चुलीतलं लाकूडही तसंच. आधी त्यातलं पाणी उडतं. ओल्या ढलपीच्या टोकाला फेस येऊन सूं-सूं आवाज येतो ना, ती ही वाफ. पुढे साधारण २०० अंशांच्या वर लाकूड आतून फुटायला लागतं आणि ३०० च्या आसपास त्यातून भराभर वायू निघतात. सुक्या लाकडाच्या वजनाचा पाऊण भाग किंवा त्याहूनही जास्त असा वायू होऊन बाहेर पडतो. जाळ दिसतो तो या वायूंचा. हवा कमी पडली किंवा धग कमी पडली की हेच वायू न जळता धूर होऊन निघून जातात. म्हणजे धूर हे वाया गेलेलं जळण आहे.

वायू संपले की मागं राहतो तो जवळजवळ नुसता कार्बन. तोच निखारा. कार्बनची साध्या तापमानाला वाफ होत नाही, म्हणून निखाऱ्याला मोठा जाळ नसतो. तो पृष्ठभागावरच जळतो, लाल दिसतो, आणि धूर करत नाही, कारण धूर व्हायला लागणारे वायू केव्हाच निघून गेलेले असतात. आईंनी धूर जाईपर्यंत थांबून जे साधलं ते एवढंच. धूर गेला, कार्बन राहिला.

आता विषाची गोष्ट. कार्बनच्या एका अणूला ऑक्सिजनचे दोन अणू मिळाले तर कार्बन डायऑक्साइड होतो. एकच मिळाला तर कार्बन मोनॉक्साइड. घमेल्यातल्या ढिगात खालच्या निखाऱ्यापाशी तयार झालेला कार्बन डायऑक्साइड वर येताना दुसऱ्या लाल निखाऱ्याला भिडतो, आणि तो तापलेला कार्बन त्याच्यातला एक ऑक्सिजन काढून घेतो. एकाचे दोन मोनॉक्साइड होतात. वरचा थर भरपूर तापलेला असेल आणि तिथं मोकळी हवा मिळाली तर तो मोनॉक्साइड तिथल्या तिथं निळसर जाळानं जळून जातो. रात्र चढते तशी निखाऱ्यावर राख धरते, वरची धग कमी होते, तो निळा जाळ बंद पडतो, आणि वायू तसाच खोलीत येतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्याला चुरचुर नाही. वजनाला जवळजवळ हवेएवढाच, त्यामुळे तो खाली बसत नाही की वर जात नाही, खोलीभर मिसळतो.

पुण्याच्या मित्रांनी ऑक्सिजन संपला असं म्हटलं. बहुतेकांना तसंच वाटतं. आकडे मांडून बघू. खोली १० बाय १० फूट, उंची ९ धरली तर सुमारे साडेपंचवीस घनमीटर हवा, तीत ऑक्सिजन सुमारे ७ किलो. अर्धा किलो कार्बन पूर्ण जळायला ऑक्सिजन लागतो १.३३ किलो. म्हणजे खोली पूर्ण हवाबंद असती तरी पाच किलोच्या वर ऑक्सिजन शिल्लक. २१ टक्क्यांचा १७ च्या आसपास येईल. ज्योत साधारण १६ टक्क्यांच्या आसपास विझते. म्हणून दिवा जळत राहिला.

आता त्याच अर्ध्या किलोतला फक्त दहावा हिस्सा, ५० ग्रॅम, मोनॉक्साइड झाला असं धरा. त्याचे होतात सुमारे १०० लिटर. २५ हजार लिटरच्या खोलीत १०० लिटर म्हणजे ०.४ टक्के. डोकं दुखायला याचा दहावा भागही दोनेक तासांत पुरतो. फटींतून हवा येत-जात होती म्हणून तुमच्या घरी आकडा इतका चढला नाही. दिवा ऑक्सिजन आहे की नाही ते सांगतो. मोनॉक्साइड आहे की नाही हे दिव्याला कळत नाही.

परिचारिका_अथणी | मंगळवार, सकाळी ७.२०

सरांनी खोलीत काय झालं ते सांगितलं, मी रक्तात काय झालं ते सांगते.

रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेतं. मोनॉक्साइड त्याच जागेवर येऊन बसतो, आणि त्याची पकड ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त घट्ट असते. त्यामुळे हवेत थोडासा असला तरी तासातासानं रक्तात साठत जातो. ऑक्सिजन हवेत आहे, छातीत जातोय, पण पुढे न्यायला गाडीच रिकामी नाही.

बोटाच्या चिमट्याचं फार महत्त्वाचं आहे, सगळ्यांनी लक्षात ठेवा. तो रक्ताच्या लाल रंगावरून अंदाज करतो. मोनॉक्साइड बसलेलं हिमोग्लोबिनही लालच दिसतं, म्हणून साध्या चिमट्याला फरक कळत नाही आणि तो ९८ दाखवतो. खात्री करायला रक्ताची वेगळी तपासणी लागते. म्हणून 'एकाच खोलीत झोपलेल्या सगळ्यांना एकदम त्रास' आणि 'खोलीत शेगडी, गिझर किंवा जनरेटर' हे नातेवाईकांनी आपणहून सांगावं. साध्या हवेत रक्तातला मोनॉक्साइड निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कनं भरपूर ऑक्सिजन दिला की तासा-दीड तासावर येतं. तुमच्या आण्णांनी गाडी बेळगावला काढली, फार बरं केलं.

उद्यमबाग_रात्रपाळी | मंगळवार, दुपारी २.४०

मी फाउंड्रीत १९ वर्षं आहे, त्यातली पहिली ११ कपोल्यावर, म्हणजे लोखंड वितळवायच्या उभ्या भट्टीवर. सरांनी घमेल्याचं जे सांगितलं तेच आमच्याकडे दोन-तीन पुरुष उंचीच्या भट्टीत रोज चालायचं. खालून पंख्यानं हवा, आत कोक (भाजून वायू काढून टाकलेला दगडी कोळसा), भंगार आणि चुनखडीचे थर. हवा आत शिरते तिथं कोक पांढरा पडेपर्यंत जळतो आणि कार्बन डायऑक्साइड होतो. तो वरच्या लाल कोकमधून जाताना मोनॉक्साइड होतो. माल टाकायच्या दारापाशी तो बाहेरच्या हवेला भेटला की निळी जीभ लवलवते.

आमचे जुने मुकादम पहिल्या दिवशी एकच धडा द्यायचे. निळी जीभ दिसतेय तोवर दारापाशी माल टाकायला जायचं. जीभ गेली आणि भट्टी चालू आहे, तर मागं सरकायचं आणि मला हाक मारायची. जीभ दिसत नाही म्हणजे वायू संपला असं नव्हे, तो न जळता बाहेर येतोय. मी तो धडा पाठ केला होता, पण त्याचं कारण आज समजलं. घमेल्यावरचा निळा जाळ राख धरली की बंद पडतो, असं सरांनी लिहिलं तिथं मी थांबून दोनदा वाचलं.

तुळसकट्टा | मंगळवार, रात्री ८.५५

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू. सरांचं लिहिणं मी आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. पाच किलोच्या वर ऑक्सिजन शिल्लक होता हे ऐकून ती उठून बसली. तिला हिशेब लगेच पटतो.

पण आज्जींचा मुद्दा तिलाही पटतो. ती म्हणते, माझ्या आईनं, सासूनं, सगळ्यांनी हेच केलं. मग त्यांना का नाही झालं?

कौलारू | मंगळवार, रात्री ९.३०

ताई, एक विचारू? ती खोली कौलारू आहे की स्लॅबची?

तुळसकट्टा | मंगळवार, रात्री ९.४२

दोन वर्षांपूर्वी मागची बाजू पाडून स्लॅब घातला. खोलीही त्यातलीच. खिडकी ॲल्युमिनियमची, सरकती.

कौलारू | मंगळवार, रात्री १०.२०

मग उत्तर तिथंच आहे. आमचं घराणं खानापूर तालुक्यात पिढ्यानपिढ्या माती, कौलं आणि विटांत आहे, म्हणून थोडं अधिकारानं बोलतो.

कौलारू घर वरून बंद कधीच नसतं. दोन कौलांमध्ये फट असते, आढ्यापाशी जागा असते, भिंत आणि वाशांच्या मध्ये बोट जाईल एवढी पोकळी असते. खाली विस्तव असला की तापलेली हवा वर जाते आणि त्या फटींतून निघून जाते, तिच्या ओढीनं दाराखालून गार हवा आत येते. अख्खं घरच एक धुराडं होतं. आज्जी म्हणतात ते अगदी खरं आहे, त्यांच्या येळ्ळूरच्या घरात काही झालं नाही, कारण घर रात्रभर श्वास घेत होतं. आपण घरं बदलली. स्लॅब आला, प्लॅस्टर आलं, रबराची पट्टी लावलेल्या खिडक्या आल्या. शेगडी मात्र जुन्या घरातली तशीच नव्या खोलीत नेऊन ठेवली. तुमच्या आईंच्या हातून काही चुकलं असं मी अजिबात म्हणणार नाही. घर बांधणाऱ्यानं त्यांना हे सांगायला हवं होतं. आणि त्या बांधणाऱ्यांत मीही येतो. माझ्या विटांनी किती खोल्या बांधल्या गेल्या, आणि झरोका ठेवा असं मी एकालाही म्हटलेलं नाही.

हवा कमी पडली की आग काय करते ते आमच्या भट्टीत डोळ्यांनी दिसतं. आपल्या मातीत लोह असतं. भट्टीत हवा भरपूर खेळली की ते लोह ऑक्सिजन घेतं आणि वीट तांबडी होते. थर दाटून बसले, हवा आत गेली नाही, तर वीट फोडल्यावर आत काळा गाभा निघतो. कुंभार हेच मुद्दाम करतो. मडकी भाजत आली की भट्टीत ओला पाला, भुसा टाकून सगळीकडून मातीनं लिंपून घ्यायचं. आत धूर कोंडतो, आग हवेसाठी तडफडते, हवेतून ऑक्सिजन मिळत नाही म्हणून मातीतल्या लोहाकडचाच काढून घेते, वर काजळी बसते, आणि मडकं काळंभोर निघतं. तीच माती, तोच हात. हवा दिली तर तांबडं, कोंडली तर काळं. खानापुरात कुंभारकामाची केंद्रीय संस्था आहे, तिथं शिकायला आलेली पोरं आमच्या भट्टीवर यायची, त्यांना मी दोन्ही मडकी शेजारी ठेवून दाखवायचो.

गुळाची_ढेप | बुधवार, सकाळी ६.१५

संकेश्वरकडचा आहे. घरचं गुऱ्हाळ आजोबांपासून. धूर म्हणजे वाया गेलेलं जळण, हे सरांचं वाक्य आमच्या चुलवाणावर, म्हणजे रस आटवायच्या चुलीवर, कोरून ठेवावं असं आहे.

रस काढून झाल्यावर जे चिपाड राहतं ते निम्मं पाणीच असतं. तसंच चुलवाणात ढकललं की पिवळट पांढरा धूर गावभर आणि काहिलीला, रसाच्या मोठ्या कढईला, धग नाही. आदण उतरायला उशीर होतो, गुळाचा रंग काळपट पडतो, बाजारात भाव मार खातो. म्हणून चिपाड उन्हात पसरून कडक वाळवायचं. जाळ घालणाराचा हात इथं कळतो. मूठ-मूठ, पण न थांबता घालायचं. एकदम भारा कोंबला की चुलवाण 'गुदमरतं' असं आमचे वडील म्हणायचे. गुळव्या काहिलीकडं बघत असतो आणि वडील धुराड्याकडं. धुराड्याच्या तोंडाशी हवा नुसती थरथरताना दिसली, धूर दिसला नाही, की म्हणायचे आता जमलं.

सर, एक विचारायचं होतं. ओल्या जळणानं नेमकी किती धग जाते?

खडूफळा | बुधवार, सकाळी १०.५०

दोन ठिकाणी जाते, आणि दुसरी जागा लोक विसरतात.

पहिली जागा पाणी. १ किलो पाणी २० अंशांवरून १०० वर न्यायला ८० किलोकॅलरी पुरतात. पण १०० अंशांच्या त्याच पाण्याची वाफ करायला आणखी ५४० लागतात. चिपाडातलं प्रत्येक किलो पाणी एवढी उष्णता घेऊन धुराड्यातून निघून जातं, काहिलीला त्यातलं काही मिळत नाही.

दुसरी जागा अर्धवट जळणं. वाफेनं आच उतरली की वायू पूर्ण जळत नाहीत. १ किलो कार्बन पूर्ण जळून डायऑक्साइड झाला तर सुमारे ७,८०० किलोकॅलरी मिळतात. तोच मोनॉक्साइडवर थांबला तर २,२०० मिळतात. पाऊण भागाच्या आसपास उष्णता त्या वायूतच अडकून बाहेर जाते. म्हणून तो वायू एकाच वेळी जळण आहे आणि विषही. उद्यमबागेतल्या निळ्या जिभेत ती अडकलेली उष्णताच बाहेर पडताना दिसते.

आणखी एक गोष्ट मला नेहमी थक्क करते. लाकूड घ्या, तेल घ्या, गॅस घ्या, १ किलो ऑक्सिजन खर्ची पडला की मिळणारी उष्णता जवळजवळ सारखीच असते, १३ मेगाजूल, म्हणजे ३,१०० किलोकॅलरीच्या आसपास. थॉर्नटन नावाच्या संशोधकानं १९१७ मध्ये हे दाखवलं. जळण्याचं बळ लाकडात भरलेलं असतं असं आपण धरून चालतो. ऑक्सिजनच्या रेणूतला बंध त्या मानानं कच्चा असतो, तो सुटून कार्बन आणि हायड्रोजनशी पक्के बंध जुळतात, आणि त्या व्यवहारात उष्णता बाहेर पडते. म्हणजे आपल्या चुलीची निम्मी बाजू हवेत आहे. अठराव्या शतकात मोठमोठे रसायनज्ञ मानत की जळताना वस्तूतून फ्लॉजिस्टन नावाचं काहीतरी निघून जातं. फ्रेंच रसायनज्ञ लाव्हाझिएनं तराजू घेऊन बंद भांड्यात वजनं केली आणि सिद्ध केलं की जळताना हवेतलं काहीतरी येऊन जोडलं जातं. १ किलो कार्बन जळला की ३ किलो ६७० ग्रॅम डायऑक्साइड होतो. बाकीचं वजन हवेचं.

निपाणीवाली | बुधवार, दुपारी ३.३०

माझ्या आईनं चाळीस वर्षं विड्या वळल्या. लहानपणी मी तिला विचारायचे, विडीला जाळ का नाही? आज कळलं. पानात गुंडाळलेल्या तंबाखूला हवा इतकी कमी मिळते की तो नुसता धुमसतो, आणि झुरका थांबला की विडी विझतेही. म्हणजे धुमसणाऱ्या प्रत्येक गोष्टीतून हा वायू येणार. बरोबर ना सर? आमच्या बिऱ्हाडात रात्री डास जावेत म्हणून शेणी धुमसत ठेवायची सवय आहे.

खडूफळा | बुधवार, दुपारी ४.०५

अगदी बरोबर. विडीच्या धुरातही तो असतो आणि धुमसत्या शेणीच्याही. ती शेणी आजपासून अंगणात.

सीमाभागी_पुण्यात | बुधवार, रात्री ९.००

काल हे सगळं वाचून बाथरूममधल्या गॅस गिझरकडे बघितलं. बाथरूम चार बाय सहा, खिडकीला काच, एक्झॉस्ट पंखा नाही. गिझरची ज्योत पिवळी. निळी असायला हवी, हे बरोबर का?

उद्यमबाग_रात्रपाळी | बुधवार, रात्री ९.२५

मित्रा, तो गिझर आत्ता बंद कर आणि बाहेर भिंतीवर बसवून घेईपर्यंत लावू नको. पिवळी ज्योत म्हणजे काजळीचे कण तापून चमकतायत, गॅसला हवा कमी पडतेय. सिलिंडरच्या गॅसमधल्या प्रोपेनला पूर्ण जळायला त्याच्या आकारमानाच्या चोवीस पट हवा लागते. बर्नरच्या भोकात गंज, कचरा, कोळ्याचं जाळं बसलं की हवा नीट मिसळत नाही. पातेल्याचं बूड काळं व्हायला लागलं की घरच्या शेगडीचंही तेच समज. आणि ज्योत निळी असली तरी बंद बाथरूममध्ये गिझर नको. तीच हवा पुन्हा पुन्हा बर्नरमध्ये गेली की तीही बिघडते.

आज्जीचा_बटवा | गुरुवार, सकाळी ८.१०

मी पहिल्या दिवशी जरा ठामपणे लिहिलं होतं. कौलारू यांचं वाचलं आणि रात्रभर माझं येळ्ळूरचं घर डोळ्यांपुढे आलं. खरंच की, सकाळी कौलांच्या फटीतून उन्हाच्या काड्या खोलीत उतरायच्या. त्या फटी आमचं राखण करत होत्या हे आत्ता या वयात कळलं. माझ्या मुलानं बांधलेल्या घरात तशी एकही फट नाही, आणि सूनबाई दिवाळीच्या सुमारास बाळंत होणार आहे.

पण बाळंतिणीच्या अंगाला शेक हवाच, ते मी सोडणार नाही. मग करायचं काय?

कौलारू | गुरुवार, सकाळी ८.४०

आज्जी, विस्तव बाहेर आणि ऊब आत. चांगली भाजलेली अखंड वीट घ्या. चुलीच्या कडेला अर्धा-पाऊण तास तापू द्या. वीट आधी कोरडी खडखडीत हवी, ओली वीट तापवली तर आतल्या वाफेनं तडकते. मग जाड गोणपाटात, वरून सुती लुगड्यात गुंडाळून बाजेखाली ठेवा. हाताला सोसवेल इतपतच. दोन विटा आलटून पालटून तापवल्या की रात्र निघते. वीट जळत नाही, ती फक्त घेतलेली उष्णता परत देते.

परिचारिका_अथणी | गुरुवार, दुपारी १.१५

उत्तम उपाय. तव्यावर गरम केलेल्या जाड्या मिठाची पुरचुंडीही चालते. बाळाला मात्र यातलं काहीच अंगाला टेकवू नका, त्याची कातडी फार पातळ असते. बाळाला आईच्या छातीशी धरलं की पुरेशी ऊब मिळते.

तुळसकट्टा | शुक्रवार, रात्री १०.३०

काल विटा तापवल्या. आईनंच. मी काही बोलायच्या आत तिनं खोलीच्या खिडकीची वरची काच आण्णांकडून काढून घेतली, तिथं जाळी ठोकली. आण्णा म्हणाले पाऊस आत येईल, तर तिनं पडवीतला पत्र्याचा तुकडा आणून पुढं छज्जा करून घेतला.

संध्याकाळी शेजारच्या काकू विचारपूस करायला आल्या होत्या. त्या दृष्टीचं बोलायला लागल्या तशी आईनं देवघरातून मेणबत्ती आणली, पेटवली, थोडा वेळ थांबली आणि फुंकून विझवली. पांढरी रेघ वर गेली. तिनं काडी त्या रेघेला लावली. पहिल्या खेपेला हात थरथरत होता, जमलं नाही. दुसऱ्या खेपेला आग वरून खाली उतरली आणि वात पेटली. काकू बघतच राहिल्या. आई त्यांना म्हणाली, "बघितलंस? जळायचं राहिल्यालं असं हवेत असतंय. हे दिसलं तरी. माझ्या घमेल्यातलं दिसत नव्हतं."

मग घमेलं कोपऱ्यातून उचलून तिनं गोठ्यामागं नेऊन पालथं घातलं आणि सर, तुम्हाला एक विचारायला सांगितलंय. चुलीवरच्या वायलावर रात्री दूध तापत ठेवतात, तेव्हा खाली निखारेच असतात आणि स्वयंपाकघराचा स्लॅबही नवीनच आहे. तिथं झरोका केवढा ठेवायचा?

खडूफळा | शुक्रवार, रात्री १०.५५

त्यांना सांगा, एक नको, दोन ठेवा. एक खाली चुलीच्या पातळीला, हवा आत यायला, आणि एक समोरच्या भिंतीला छताला लागून, तापलेली हवा बाहेर जायला. दोन्ही किमान विटेच्या तोंडाएवढे. वरचा पावसातही बुजवायचा नाही, त्याला बाहेरून उतरता पत्रा मारा. जमलं तर चुलीवर सरळ छतातून वर जाणारं धुराडं काढून घ्या. आणि निजायच्या आधी निखारे बाहेर काढून पाणी मारायचं, राखेखाली झाकून ठेवायचे नाहीत. कौलारू, छताजवळच्या झरोक्याचं माप तुम्ही तपासून सांगाल का?

कौलारू | शुक्रवार, रात्री ११.१०

एका विटेचं तोंड कमी पडेल, वरचा तरी चार विटांचा ठेवा. रविवारी मी जांबोटीच्या बाजूला माल घेऊन येतोय. ताई, पत्ता निरोपात पाठवा. स्वतः येऊन भोक पाडून देतो.